गारेचा टंच

चैत्र सरत आलेला. चारच्या सुमाराला
रेंदाळच्या अंगानं आभाळ जांभळं पडलं,
लाइट गेली, पॉलिशची मोटर घरघरून थांबली,
आणि हुपरीतल्या आमच्या पत्र्यावर
कुणी घुंगरांचं पोतं पालथं केलं.

सगळ्या दाराशी धावल्या. कुसूमनं पदरात वेचल्या,
पारिसाचं पोर तर तोंडातच टाकत सुटलं.
सातगोंडाकाका जागचे हलले नाहीत.
म्हणाले, "एक आण गं. लिंबाएवढी.
हातानं नको, चिमट्यानं धर."

काट्यावर तेवीस ग्रॅम.
काकांनी सवयीनं वहीत लिहिलं:
माल, गार. वजन, तेवीस. घट...
आणि पेन तसंच धरून ठेवलं.

मग पैंजणाची जाळी कापायची ती करवत,
केसाएवढं पातं.
कापणं कसलं, पातं आपसूक उतरत गेलं
आणि मागं पाण्याची रेघ.
दोन्ही फाका कसोटीच्या काळ्या दगडावर उताण्या ठेवल्या.
मोबाइलचा उजेड मी धरला.

मध्ये मोहरीएवढा पांढरा दाणा.
त्याच्याभोवती काच.
काचेभोवती दूध. परत काच, पातळ,
आणि सगळ्यात बाहेर दूध,
एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला नखाएवढंच,
कुणी कुशीवर झोपून वाढावं तसं.

मी बारावी सायन्स केलेली. पुढचं राहिलं.
पण एवढं आठवत होतं, ते सांगितलं:
ढगात वर पाणी असतं, शून्याच्या खाली गेलेलं,
तरी गोठायचं विसरलेलं.
दाण्याला टेकलं की त्याला आठवतं.
चटकन गोठलं तर आतली हवा आतच अडकते,
बारीक बारीक बुडबुडे, म्हणून ते दूध.
पाणी फार असलं तर गोठायला वेळ लागतो,
हवा हळूच निसटून जाते, मग काच.

काका हसले. "म्हणजे आमचंच की.
घाईनं ओतलेली चांदी वारं धरते,
आणि थिजताना थुंकते. बघितलंयस न्हवं?
दमानं थिजू दिली की अंगावर डाग नाही."

मी म्हटलं, पुस्तकात होतं,
जितकी वलयं, तितक्या खेपा:
वारा वर फेकतो, गार खाली येते, पुन्हा वर.
"कशावरनं?" काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं.
"मुलामा चढताना रवा कुठं वरखाली करतो?
तो लोंबकळत असतो एका जागी.
बदलतं ते भोवतीचं पाणी."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
सहा-सात मैल उंचीवर, उभ्या वाऱ्याच्या तळहातावर
एक दाणा लोंबकळतोय,
आणि ढगच त्याच्यावरून सरकतोय,
कधी दाट, कधी विरळ,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
अठरा वर्षं मी घुंगरू जोडते,
पोकळ गोळ्यात एक खडा टाकून तोंड बंद करते.
आवाज त्या खड्याचा असतो,
लोक वाखाणतात चांदीला.

"टंच किती म्हणायचा?" पारिसानं विचारलं, चेष्टेनं.
काका गंभीर. "बीज काय आहे त्यावर."
तोवर फाका बसत चाललेल्या,
काच आधी गेली की दूध, ते कळलं नाही,
वलयं एकमेकांत मिसळली,
आणि कसोटीवर नुसतं पाणी, आतून उजेड असलेलं.

त्यात एक काळा कण.
कारखान्याच्या चिमणीची काजळी असेल,
जोतिबाच्या डोंगरावरनं उडालेली धूळ,
किंवा आमच्याच भट्टीतला धूर, वर जाऊन आलेला.
मी बोट टेकवलं, बोटाला लागला.
कुसूम म्हणाली, पूस की.

लाइट आली. मोटर सुरू झाली.
काकांनी घटीपुढं आकडा लिहिला, तेवीस,
आणि वही मिटली.
संध्याकाळी केर काढताना
मी बोट केरावरच झटकलं.
आमच्यात केर कुणी टाकत नाही.
पोत्यात भरून ठेवतात,
वर्षाकाठी धुऊन बघतात
काय काय उतरलंय.